पोचवायला कोण येणार?

आमच्या घराण्यात माणसाला एकटे सोडायची रीत नाही. कोणी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायला निघाला, तरी दुसरा कोणी चपला शोधत "थांब, मीही येतो" म्हणायचाच. पाहुणा उठला की त्याला दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून चाळीच्या फाटकापर्यंत आणि फाटकापासून बसच्या थांब्यापर्यंत पोचवायचे. आणि बस लगेच आली तर मनातून जरा खट्टू व्हायचे, कारण दोन तास बाहेरच्या खोलीत बसून जे बोलणे झाले नाही ते नेमके थांब्यावर सुरू झालेले असते. ज्याला एस.टी.वर पोचवायला दोघे लागतात त्याला विमानावर पोचवायला किती लागतील, हे त्रैराशिक वाचकांनीच सोडवावे. आमच्याकडे त्याचे उत्तर सहा आले होते, आणि ते एका टॅक्सीत मावत नसे.

गिरगावापासून विमानतळ किती लांब आहे, हा प्रश्न मी पुष्कळांना विचारून पाहिला आहे. त्याचे उत्तर किलोमीटरमध्ये देणारा मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. "तुम्ही निघणार कधी त्यावर आहे," असे जो तो म्हणतो. पहाटे चारला निघालात तर पाऊण तास, संध्याकाळी सहाला निघालात तर दोन तास, आणि पाऊस लागला असेल तर मग सगळे त्याच्या हवाली. नकाशावर मोजले तर हे अंतर २५ किलोमीटरच्या आसपास भरते. पण प्रवासाला निघालेला माणूस नकाशाने चालत नाही, धास्तीने चालतो. तो मूळच्या तासाभरात माहीमसाठी अर्धा तास मिळवतो, हमरस्त्यासाठी आणखी अर्धा, टायर पंक्चर झाला तर म्हणून एक पाव, आणि बायकोच्या समाधानासाठी एक अख्खा तास. असे करता करता रात्री दोनच्या विमानासाठी आम्ही साडेआठलाच पाने घेत असू. इकडून तिकडे पोचायला लागणाऱ्या वेळात माणूस दुबईला उतरून चहा पिऊन झालेला असतो.

याचे कारण असे, की मुंबईचे विमानतळ शहरापासून सतत लांब पळत गेले आणि शहर धापा टाकत त्यांच्यामागून गेले. पहिला विमानतळ जुहूला, १९२८ साली झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन चिमुकल्या विमानाने उतरले, ते त्या जुहूच्याच मैदानात. पुढे सांताक्रूझ आले. युद्धाच्या काळात तिथे लष्करी विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर उतारूंची विमाने तिथे येऊ लागली आणि १९५८ साली त्यांच्यासाठी नवी इमारत उभी राहिली. तीही अपुरी पडू लागली तेव्हा, १९८० नंतर, परदेशी जाणारी विमाने धावपट्ट्यांच्या पलीकडच्या अंगाला सहारला गेली. सहार हे मुळात एका गावाचे नाव. त्याच सहारला २०१४ च्या फेब्रुवारीत ती आजची भव्य इमारत सुरू झाली. प्रत्येक वेळी आखणाऱ्यांनी मोकळी जागा हेरली असणार, आणि प्रत्येक वेळी चार पावसाळ्यांत शहराने येऊन तिच्या कुंपणाला पाठ टेकली. आज विमान उतरताना खिडकीतून पाहावे तर खाली घरांचे निळे-काळे पत्रे धावपट्टीला जवळजवळ चिकटलेले दिसतात. मिठी नदीला तर धावपट्टीच्या खालूनच वाट काढावी लागते. धावपट्ट्या दोन खऱ्या, पण एकमेकींना छेदणाऱ्या. दोन बिऱ्हाडांत एक नळ असावा तशातली गत. एकीवर पाणी चालू असले की दुसरीने घागर घेऊन थांबायचे.

आकाशातून माणसे येऊ लागली तेव्हा त्यांना शहरात आणायचे कसे, हा विचार मात्र आमच्याकडे पुष्कळ उशिरा झाला. याचे मला नवल वाटते, कारण समुद्रातून येणाऱ्यांचा विचार याच शहराने केव्हाच केला होता. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच आगगाडीचे स्थानक होते. विलायतेच्या डाकबोटीतून उतरलेला साहेब चार पावले चालून पेशावरच्या फ्रंटियर मेलमध्ये बसे. बाहेरच्या देशांनी तीच युक्ती विमानाला लावली. बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळापाशी १९२७ साली भुयारी गाडी पोचली होती. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ साली जी गोल इमारत उभी राहिली, तिच्यातून थेट आगगाडीच्या फलाटाकडे जाणारे भुयार होते. डोक्यावर पावसाचा थेंब न पडता माणूस विमानातून गाडीत. आमच्या देशात दिल्लीच्या विमानतळाला मेट्रो मिळाली ती २०११ साली, चेन्नईला २०१६ साली. मुंबईत २०१४ साली वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो सुरू झाली आणि तिच्या एका स्थानकाला 'एअरपोर्ट रोड' असे नाव मिळाले. आम्ही हुरळून गेलो. पण त्या नावात 'एअरपोर्ट' जितके खरे होते त्याहून 'रोड' अधिक खरा होता, हे सामान घेऊन उतरल्यावर कळे.

त्यामुळे आमच्यासारख्यांची भिस्त टॅक्सीवर आणि नातेवाइकांवर. नातेवाइकांचा उत्साह मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमचा मामा जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सांताक्रूझला तेव्हा सज्जात उभे राहून विमाने पाहता येत. मामाच्या गळ्यात इतके हार होते की त्याची हनुवटी दिसत नव्हती. आजीने त्याच्या हातावर दही घातले, नारळ दिला, आणि मग सज्जातून एका विमानाकडे पाहून ती कितीतरी वेळ पदर हलवत राहिली. ते विमान मद्रासचे होते. पण ते तिला सांगण्याचा धीर कोणाला झाला नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता. तिचा निरोप ज्याला पोचायचा त्याला पोचला होता.

ही सगळी हकीकत मी सांगतो आहे ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्का आता ७६ वर्षांची आहे. आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, तिची दोन खोल्यांची जागा आहे. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. तिची एकुलती एक लेक लंडनला, ईलिंगला असते. वर्षातले काही महिने अक्का लेकीकडे जाते आणि उरलेले इकडे काढते. तिच्या प्रत्येक जाण्यायेण्याला आमच्याकडे मोहिमेचे स्वरूप येई. आदल्या दिवशी वजनकाट्यावर बॅग चढे, उतरे, पुन्हा चढे. चकल्यांनी जास्त झालेले वजन मेतकुटातून वजा होई. रात्री दोन टॅक्स्या निघत. एकीत अक्का आणि सामान, दुसरीत आम्ही. वाटेत एकदा तरी कोणी तरी विचारी, "टी-वन की टी-टू?" आणि गाडीत शांतता पसरे.

या प्रश्नाची ज्याला धडकी भरली नाही तो मुंबईतून विमानाने गेलेलाच नाही. एकाच विमानतळाच्या या दोन इमारती. नाव दोन्हींचे एकच, छत्रपती शिवाजी महाराजांचे. पहिली आहे पार्ल्याच्या बाजूला आणि लोक तिला सांताक्रूझ म्हणतात. दुसरी आहे अंधेरीच्या बाजूला आणि लोक तिला सहार म्हणतात. मधले अंतर रस्त्याने चार-पाच किलोमीटर. आमच्या एका शेजाऱ्यांनी जावयाला एकीच्या दाराशी घट्ट मिठी मारून निरोप दिला तेव्हा त्याचे विमान दुसरीच्या दाराशी उभे होते. दहा मिनिटांनी जावई परत मिठी मारायला आला.

टी-टूची इमारत देखणी आहे यात मात्र संशय नाही. मोराच्या पिसाऱ्यासारखे वर उमलत जाणारे पांढरे खांब, त्यांतून झिरपणारा उजेड, आणि 'जय हे' या नावाने मांडलेली जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची कलावस्तूंची भिंत. देशभरातले कोरीव दरवाजे, झरोके, देवदेवता, मुखवटे तिथे आहेत. पण विमान गाठायला निघालेला माणूस कलेकडे पाहत नाही. तो खिसा चाचपत पासपोर्टकडे पाहतो. जायचे वरच्या मजल्यावरून, यायचे खालच्या मजल्यावर. वरचा माणूस खालच्याला दिसत नाही. त्यात पोचवायला आलेल्यांना दाराच्या आत प्रवेश नाही. म्हणजे सहा माणसे पंचवीस किलोमीटर येतात ती काचेच्या दारातून अक्काची पाठ दिसेनाशी होईपर्यंत माना उंच करायला. मग घरी यायला पहाट होते.

आत गेल्यावर अक्का चाकांच्या खुर्चीत बसे. तिचे गुडघे काही तितके वाईट नाहीत. चाळीचे दोन जिने ती दिवसातून तीनदा चढते. मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, खुर्ची पायांसाठी नाही रे. वाटेसाठी आहे. कुठे वळायचं, कुठल्या रांगेत उभं राहायचं, कोण काय विचारील, हे त्या खुर्ची ढकलणाऱ्या पोराला ठाऊक असतं. मला नसतं." तेव्हापासून मी विमानतळावर त्या खुर्च्यांची रांग पाहिली की माझ्या मनात येते, यांतल्या कितीकांना खरोखर पाय नाहीत आणि कितीकांना नुसती वाट नाही? हॉलंडमधल्या स्किफोल विमानतळावर १९६७ साली बेनो विसिंग नावाच्या गृहस्थांनी पिवळ्या पाट्यांची पद्धत बसवून दिली. हेतू हा, की नवख्या माणसाने कोणाला न विचारता नाकासमोर चालत जावे. पाटी लावणे हे मला पूर्वी कारकुनी काम वाटे. आता वाटते, चांगली पाटी ही पुष्कळांच्या पायांतले बळ असते.

दोन वर्षांपूर्वी अक्का लंडनहून परतली ती एक निराळीच कल्पना डोक्यात घेऊन. तिकडे तिला उतरवून घ्यायला लेक आली होती. अक्का म्हणाली, "गाडी कुठं उभी केलीस?" लेक म्हणाली, "ही काय, खाली." आणि सरकत्या जिन्याने दोघी थेट भुयारात. हीथ्रोला ही भुयारी गाडी १९७७ सालापासून जाते. समोरच्या बाकावर अक्काच्याच वयाची एक बाई, पायांशी लहानशी बॅग, डोळ्यांना चष्मा, हातात विणकाम. बरोबर कोणी नाही. "ती कुठून तरी विमानानं आली होती आणि आपल्या घरी चालली होती," अक्का सांगत होती, "जशी मी भुलेश्वरहून भाजी घेऊन येते तशी. आणि मला? मला दोन टॅक्स्या लागतात, सहा माणसं लागतात, आणि तुझ्या मुलाला दुसऱ्या दिवशी रजा घ्यावी लागते."

मी म्हटले, "अक्का, आम्ही हौसेनं येतो."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच बोलत नव्हते."

पण आता ती बोलू लागली होती, आणि त्या बोलण्याच्या तळाशी जे होते ते हळूहळू वर आले. लेक मागे लागली होती, की आई, खोली काढून टाक आणि कायमची इकडे ये. दरवेळी मध्यरात्री सगळ्यांना जागवायचे, तुझ्या वयाला हे झेपत नाही आणि मामाच्याही. लेकीचे बोलणे खोटे नव्हते. मी स्वतः सत्तरीला टेकलो आहे. माझा मुलगा रात्री तीनला आईबापांना आणि आत्याला गाडीत घालून आणतो आणि सकाळी नऊला कचेरीत जातो. तो चकार शब्द काढत नाही, पण न काढलेले शब्द बहिणीला ऐकू येतात. अक्काचा हिशेब सरळ होता. "मला माझी मी जाता येईल आणि माझी मी येता येईल, तोवर ही खोली माझी. ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी तिकडचीच होईन. पण मग गौरी-गणपतीला, दिवाळीला, कोणाला तरी मरणाला, असं मधूनच येणं व्हायचं नाही हो." म्हणजे विमानतळापासून गिरगावापर्यंतच्या त्या वाटेवर आमच्या घरातले एक बिऱ्हाड लटकले होते. समुद्र ओलांडणे सोपे झाले होते; माहीमची खाडी ओलांडणे अवघड होते.

अशा वेळी जमिनीखालून काम चालले होते. आमच्या गिरगावकरांना ते निराळे सांगायला नको. कित्येक वर्षे आमच्या ताटवाट्या त्या कामाने थरथरत होत्या. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, त्यांतले आरे तेवढे जमिनीवर आणि बाकी सगळी पोटात. हे फुकट झालेले नाही. स्थानकांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पडल्या. पिढ्यानपिढ्या एका गॅलरीत वाढलेली बिऱ्हाडे पांगली. तिकडे आरेमध्ये गाड्यांच्या कारखान्यासाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात झाडे पडली आणि त्यांच्यासाठी तरुण पोरे रस्त्यावर उतरली. या गाडीत बसताना ते विसरू नये असे मला वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. टी-वन आणि टी-टू या दोन्ही नावांची स्थानके झाली, पण गाडी वांद्र्याच्या संकुलापर्यंतच येई. मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि तिथे पाच महिने मुक्कामाला राहिली. अत्र्यांपाशी थांबलेल्या कोणाला वेळ जड गेल्याचे ऐकिवात नाही, पण अक्काचा जीव मात्र खालीवर होत होता. अखेर ९ ऑक्टोबर २०२५ पासून गाडी गिरगावाखालून कफ परेडपर्यंत धावू लागली.

दिवाळी आटोपल्यावर अक्का म्हणाली, "चल, रंगीत तालीम करून येऊ." आम्ही दोघे सामानाशिवाय निघालो. स्थानकाच्या दाराशी तिची पिशवी यंत्रातून गेली. आत फक्त पाण्याची बाटली आणि आल्याच्या वड्या होत्या. सरकत्या जिन्यांनी आम्ही इतके खाली गेलो, की पाताळातले लोक भेटतील असे वाटावे. खाली लख्ख उजेड, फलाटाच्या काठाला काचेची दारे, आणि पाट्या मराठीत. अक्का प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती आणि वहीत टिपून घेत होती: लिफ्ट कुठे, जिना कुठे, फलाट कोणता. ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, वरळी, सिद्धिविनायक, दादर, शितलादेवी, धारावी अशी नावे येत गेली. ज्या रस्त्यावर आम्ही आयुष्याचे कित्येक तास टॅक्सीच्या मीटरकडे पाहत घालवले, तो रस्ता डोक्यावरून जात होता आणि आम्हाला त्याचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हता. तासाच्या आत आम्ही टी-टूच्या स्थानकात उभे होतो. या मार्गावर सर्वांत लांबचे भाडे ठेवले होते ते ७० रुपये. बाहेर आल्यावर इमारतीच्या दारापर्यंत थोडे चालावे लागले. अक्काने पावले मोजली आणि म्हणाली, "चाकांची लहान बॅग. जी मला एकटीला उचलता येईल तीच. चकल्या रद्द." आमच्या घरात चकल्या रद्द होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

गाडीची एक मर्यादा मात्र वहीत लाल शाईने लिहावी लागली. ती रात्री साडेदहाच्या सुमारास झोपते आणि पहाटे सहाच्या सुमारास उठते. परदेशची बरीचशी विमाने नेमकी त्याच मधल्या वेळात उडतात आणि उतरतात. अक्काने यावर उपाय काढला. तिने दुपारी सुटणारे आणि परत येताना दुपारपूर्वी उतरणारे विमान शोधले. तिकीट थोडे महाग पडले. "दोन टॅक्स्यांचं भाडं वजा कर," ती म्हणाली.

डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वानऊला अक्का निघाली. तिने सर्वांना चाळीच्या फाटकाशीच थांबवले. सौ.ने हातावर दही घातले. माझा मुलगा "आत्या, मी येतोच" म्हणून चपला घालू लागला तेव्हा तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने त्या काढल्या. ती बॅग ओढत वळणावर दिसेनाशी झाली. बॅगेच्या चाकांचा आवाज मात्र आणखी थोडा वेळ येत राहिला.

नंतरचा तास कसा गेला ते सांगण्यासारखे नाही. सुरुवातीच्या त्या दिवसांत बोगद्यात फोन लागत नसे. मी घड्याळ पाहत मनातल्या मनात तिच्याबरोबर प्रवास करत होतो. आता महालक्ष्मी. आता दादर. आता खाडीच्या खाली. पूर्वी मला निदान तिची पाठ दिसत असे. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. "पोचले," अक्का म्हणाली. "एका मुलानं बॅगेला हात लावला होता, मी नको म्हटलं. आणि ऐक, मी त्या खुर्चीतही बसले नाही. त्या भिंतीवरचे दरवाजे बघत बघत चालले आहे. किती सुंदर आहेत रे! इतक्या वेळा गेले, पण नीट आजच पाहिले."

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग काहीतरी रिकामे वाटले. आमच्यासारख्या अवघडलेल्या माणसांना प्रेम बोलून दाखवता येत नाही. ते आम्ही बॅगा उचलून, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून आणि काचेच्या दाराशी ताटकळून दाखवतो. ती संधीच या गाडीने काढून घेतली. पण मग मी दुसऱ्या बाजूने विचार करू लागलो. त्या काचेच्या दाराशी आम्ही सहाजण उभे असू तेव्हा शेजारून कितीतरी माणसे एकटीच आत जात. आखातात मजुरीला निघालेली पोरे असत, पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या परिचारिका असत. त्यांना पोचवायला कोणी आलेले नसे. कारण गावाकडून मुंबईपर्यंत येऊन त्या रात्री परत जायचे कोणाला परवडणार? ज्यांच्यामागे सहा माणसे आहेत त्यांचे कसेही निभावते. विमानतळाची वाट खरी लागते ती ज्याच्यामागे कोणी नाही त्याला. शहराची पाहुणचाराची रीत ओळखायची ती त्या वाटेवरून. खांबांवरच्या पिसाऱ्यावरून नव्हे.

हा प्रश्न आता पुन्हा नव्याने उभा आहे. ज्या दिवशी आमच्या मेट्रोचा शेवटचा टप्पा जाहीरपणे खुला झाला त्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, खाडीपलीकडे उलव्याजवळ नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले, आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. म्हणजे विमानतळ पुन्हा एकदा लांब पळाला आहे. तिकडे जायला अटल सेतू आहे, २०२४ च्या जानेवारीपासून. पण त्यावर रिक्षाला आणि दुचाकीला मज्जाव आहे. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो आखलेली आहे. ती लवकर होवो. नाहीतर 'टी-वन की टी-टू' या प्रश्नाच्या जागी 'अंधेरी की उलवे' हा प्रश्न येईल, आणि तिथे गफलत झालेल्या जावयाला परत येऊन मिठी मारायलाही वेळ उरणार नाही.

अक्का परतली ती पाडव्याच्या दोन दिवस आधी. मला आणायला कोणीही यायचे नाही, असा तिचा सक्त हुकूम होता. विमानतळावर मी गेलो नाही. गिरगाव स्थानकाच्या तोंडाशी उभे राहण्याला मात्र तिने मनाई केली नव्हती. दुपारी दीडच्या सुमारास सरकत्या जिन्यावरून आधी तिचे पांढरे केस, मग चष्मा, मग ती लहान बॅग असे एकेक वर आले. मला पाहून ती थबकली.

"तू इथं काय करतोयस?"

"भाजीला निघालो होतो," मी म्हटले.

"पिशवी कुठाय?"

मी काही बोललो नाही. तिनेही पुढे विचारले नाही. तिने बॅग स्वतःच ओढली. आणि खांद्यावरची शाल, जिचे वजन पावशेरही नसेल, ती काढून माझ्या हातात दिली. ती सांभाळत मी तिला घरापर्यंत पोचवले.